ॲव्हेंजर्सचा गुलाबी अल्बम कसा ऐकावा

पहिली अडचण शोधतानाच येते. नुसतं 'ॲव्हेंजर्स' टाकलंत की ढाल-हातोडेवाले सुपरहिरो धावून येतात. म्हणून सोबत गायिकेचं नाव टाका: पेनेलोपी ह्यूस्टन. सॅन फ्रान्सिस्कोचा हा पंक (वेगवान, रांगडं रॉक) बँड १९७७ ला सुरू झाला आणि १९७९ मध्ये मोडला. गुलाबी मुखपृष्ठामुळे 'पिंक अल्बम' म्हणून ओळखला जाणारा हा संग्रह आला थेट १९८३ मध्ये. बँड चालू असताना त्यांचा एकही पूर्ण अल्बम निघाला नव्हता.

म्हणूनच माझा सल्ला असा की हा अल्बम सलग लावू नका. वेगवेगळ्या वेळी झालेली रेकॉर्डिंग्ज एकत्र बांधलेली आहेत, सलग ऐकलं की आवाज मध्येच बदलतो आणि दोष उगाच बँडच्या माथी बसतो. ज्या क्रमाने ती घडली, त्या क्रमाने ऐका.

सुरुवात 'वी आर द वन', 'आय बिलीव्ह इन मी' आणि 'कार क्रॅश' या तिघांपासून. लॉस एंजेलिसच्या डेंजरहाउस लेबलने १९७७ मध्ये काढलेली ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, ती हीच. 'वी आर द वन' मध्ये पेनेलोपी आपण कोण नाही याची यादीच वाचते आणि मग एका ओळीत आपण कोण ते सांगून टाकते. शब्द पहिल्या फेरीत पकडायच्या फंदात पडू नका, तिचा सूर पकडा. ती विनवत नाही आणि लाडीगोडीही लावत नाही.

दुसऱ्या फेरीत फक्त बेस गिटार ऐका. मी स्वतः बेस वाजवते, त्यामुळे माझं मत पक्षपाती समजा हवं तर. पण बेस वाजवणाऱ्या जिमी विल्सीकडे कान लावलात की डॅनी फ्युरियसचे ड्रम आणि ग्रेग इंग्राहमची गिटार आपोआप सुटी होऊन ऐकू येतात. हाच विल्सी पुढे अमेरिकन गायक क्रिस आयझॅकच्या बँडमध्ये गिटारवर गेला. आयझॅकच्या 'विकेड गेम' मधली ती संथ, लांबत जाणारी गिटार त्याचीच. दोन्ही पाठोपाठ लावून बघा, एकच माणूस आहे यावर विश्वास बसत नाही.

मग 'द अमेरिकन इन मी' वर या. १४ जानेवारी १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात सेक्स पिस्टल्स या इंग्लिश पंक बँडचा फुटण्याआधीचा तो शेवटचा कार्यक्रम झाला, त्यात ॲव्हेंजर्स आधी वाजले होते. पुढे पिस्टल्सचा गिटारवादक स्टीव्ह जोन्स याने त्यांचं रेकॉर्डिंग केलं, हे गाणं त्यातलंच. इथे गिटारची भिंत जाड होते. केनेडींनी १९६१ च्या भाषणात देशासाठी काय कराल असं विचारलं होतं. पेनेलोपी तो प्रश्न उलटा करते: देश तुमचं काय करतोय? आता मात्र शब्द समोर ठेवून ऐका. जोन्सच्याच रेकॉर्डिंगमधलं 'कॉर्पस ख्रिस्ती' त्यानंतर घ्या, थोडं दमाने.

'पेंट इट ब्लॅक' शेवटी ठेवा. गाणं मूळ रोलिंग स्टोन्सचं, आधी लावलंत तर त्यांच्याशी तुलना करत बसाल. अल्बममधल्या आणखी एका गाण्याच्या नावातच वंशद्वेषी शिवी आहे. हेतू काहीही असो, मला ते आज ऐकवत नाही आणि मी ते गाळते. तुमचं तुम्ही ठरवा.

विकत घ्यायचा असेल तर २०१२ ची दोन सीडींची आवृत्ती बघा. पहिल्या सीडीवर मूळ अल्बम आहे, दुसरीवर लाइव्ह आणि इतर रेकॉर्डिंग्ज. तेवढ्यावर भागलं नाही तर त्यांचाच १९९९ चा 'डाइड फॉर युअर सिन्स' हा संग्रह घ्या, पण लाइव्ह गाणी खरखरीत निघतील हे धरून चला. ती हेडफोनपेक्षा स्पीकरवर, आवाज वाढवून बरी वाटतात.