बेलम गुहा बघायला जाताय? या चुका टाळा

सर्वांत मोठी चूक घरीच होते, बॅग भरताना. गुहा म्हणजे अजिंठा-वेरूळसारखं गार काहीतरी, या हिशेबाने लोक बॅगेत जाकीट टाकतात. आंध्रातल्या नंद्याळ जिल्ह्यातली बेलम लेणं नव्हे. भूमिगत पाण्याने चुनखडी विरघळवून तयार केलेली ती पोकळी आहे. लांबी ३,२२९ मीटर, त्यातला साधारण दीड किलोमीटर पर्यटकांसाठी खुला. वर सपाट माळ, त्यात विहिरीसारखा खड्डा आणि खाली जाणाऱ्या पायऱ्या. कोरीव काम शोधू नका.

आत उकडतं, तेही बाराही महिने. गुहेतलं तापमान त्या भागाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहतं आणि रायलसीमेची, म्हणजे आंध्राच्या या कोरड्या पट्ट्याची, सरासरीच चढी. त्यात हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही, त्यामुळे अंग गार होत नाही. म्हणून सुती, सैल कपडे घाला. जीन्स नको. माणशी अर्धा लिटर पाणी हातात हवं, गाडीत ठेवून उपयोग नाही. बाहेरची हवा आत सोडायची सोय केलेली आहे. दम लागला तर तिथे पाच मिनिटं उभं राहा. घाबरल्यासारखं, गरगरल्यासारखं वाटलं तर पुढे रेटू नका, मागे फिरा.

चष्मा आणि कॅमेरा एकदम पांढरा होतो. एसी गाडीत गार झालेल्या काचेवर दमट हवेतलं पाणी साचतं, लेन्स बिघडलेली नसते. ओढणीने पुसलंत तर ओरखडे पडतील आणि मिनिटाभरात पुन्हा धुकं धरेल. गुहा यायच्या वीसेक मिनिटं आधी एसी बंद करा, कॅमेरा बंद बॅगेतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. फोनचा फ्लॅश लांबच्या छतापर्यंत पोचत नाही, फक्त जवळची धूळ उजळतो. त्यापेक्षा फोन कठड्याला टेकवून नाइट मोड लावा.

बेलमच्याच आत असलेल्या सप्तस्वर गुहेत दगडाचे खांब ठोकले की सूर निघतात, म्हणून प्रत्येकाला एकदा वाजवून बघायचं असतं. नका वाजवू. शाळेच्या भूगोलात यांना लवणस्तंभ म्हणतात (मिठाचा संबंध नाही, हा चुनाच), आणि ते वर्षाला जेमतेम मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाने वाढतात. बोटभर टोक मोडलं तर ते भरून यायला काही शतकं लागतील. नुसता हात लावणंही वाईट. त्वचेचं तेल बसलं की तिथे पाणी धरत नाही, नवा थर चढत नाही आणि तो भाग काळा पडतो. शिवलिंगांसारख्या दिसणाऱ्या खांबांच्या कोटिलिंगालू या भागापाशी श्रद्धेने हात लावणाऱ्यांनाही हेच लागू.

पाताळगंगा हा सर्वांत खोल भाग, प्रवेशाच्या पातळीपासून सुमारे ४६ मीटर खाली. तिथल्या ओल्या पायऱ्यांवर गुळगुळीत तळाची चप्पल सरकते. पकड असलेले बूट घाला आणि दोन्ही हात मोकळे ठेवा. छत कमी उंचीचं असेल तिथे आधी वाकावं, मग पाऊल टाकावं. पाठीवर मोठी सॅक असली की नेमका तिचाच अंदाज चुकतो. गुडघे दुखत असतील किंवा दमा असेल तर हा टप्पा सोडा. सिंहद्वार ही नैसर्गिक कमान आणि पारंब्यांसारखे खांब असलेली ऊडलमर्री बघितलीत तरी फेरी वाया जात नाही. वीज गेली तर जागचं हलू नका. खिशात छोटी टॉर्च असू द्या, फोनची बॅटरी फोटोंतच संपलेली असते.

आता वेळ. पुण्या-सोलापूरकडची मंडळी गंडीकोटा किल्ल्यासोबत बेलम करतात आणि हमखास उलट्या क्रमाने. दोन्हींत साधारण साठ किलोमीटर अंतर. सकाळी दहाला बेलम उघडताच आत शिरा, गर्दीने हवा कोंदट व्हायच्या आत बाहेर या आणि पेन्ना नदीच्या घळीवरचा सूर्यास्त गंडीकोटाला गाठा. रेल्वेने येणाऱ्यांनी मुंबई-चेन्नई मार्गावरच्या ताडिपत्रीला उतरावं, तिथून गुहा सुमारे ३० किलोमीटर. परतीची गाडी जातानाच ठरवून ठेवा.