वाळवंटी शहराचे वर्षभराचे तापमान कसे वाचावे

वाळवंटी शहराचे हवामान समजून घेताना वार्षिक सरासरीवर विसंबू नये, कारण तिच्यात उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही झाकले जातात. त्याऐवजी प्रत्येक महिन्याचे सरासरी कमाल आणि किमान तापमान शेजारी शेजारी मांडावे. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते, आणि म्हणूनच या दोन आकड्यांतील अंतर कोरड्या महिन्यांत बऱ्याचदा 15 अंश सेल्सिअसच्या आसपास भरते.

सर्वांत उष्ण महिना ठरवताना घाई करू नये. जैसलमेरमध्ये पारा मे-जूनमध्ये शिखर गाठतो. जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी ढगांमुळे दुपारचे तापमान उतरते, परंतु दमट हवेमुळे रात्री फारशा निवत नाहीत. अमेरिकेतील फिनिक्समध्ये मात्र जुलै हाच सर्वांत तापलेला महिना असतो.

नोंदीतील आकडा झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो, त्यामुळे भर दुपारच्या डांबरी रस्त्याची धग त्यात दिसत नाही. माझ्या मते आरोग्याच्या दृष्टीने किमान तापमान अधिक महत्त्वाचे आहे, कारण काँक्रीटमध्ये साठलेली उष्णता रात्रभर बाहेर पडत राहते आणि शरीराला विसावा मिळत नाही.