जुनी विनोदी मालिका ‘एचडी’ करायच्या आधी

गेल्या दिवाळीच्या आधी सोलापुरातल्या कन्ना चौकाकडचा एक पोरगा पिशवीभर कॅसेटी घेऊन माझ्याकडे आला. नऊ व्हीएचएस. एकीच्या पाठीवर निळ्या बॉलपेननं लिहिलेलं, ‘वागले + ताईचं बारसं’, म्हणजे ‘वागले की दुनिया’ मालिका आणि घरचं बारसं. म्हणाला, “अण्णा, ह्ये सगळं एचडी करून द्या की. घरात पंचावन्न इंची टीव्ही आणलाय, आजोबांना त्यावर बघायचंय.”

असं रोज कोणीतरी म्हणतं. मी १९८६ ते १९९८ साखर पेठेत व्हिडिओ लायब्ररी चालवली, नंतर लग्नाचं शूटिंग केलं आणि आता लोकांच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. तोंडी सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

‘जुन्या विनोदी मालिकांना एचडी हवं का’ याला सरसकट उत्तर नाही. आधी बघायचं, मूळ चित्रीकरण कशावर झालंय. फिल्मवर की व्हिडिओ टेपवर? अमेरिकेतली ‘आय लव्ह लूसी’ १९५१ ची, पण ती ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाली. ‘फ्रेंड्स’सुद्धा फिल्मवरच. अशा मालिकेची मूळ निगेटिव्ह नव्यानं स्कॅन केली की खरोखरच जास्त तपशील हाती येतो, कारण तो निगेटिव्हमध्ये पहिल्यापासून होताच. तिथं एचडीचे पैसे जरूर मोजा. ब्रिटिश विनोदी मालिकांची गंमत अशी की कित्येकींत घरातले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओवर आणि रस्त्यावरचे १६ मिलिमीटर फिल्मवर. माणूस दारातून बाहेर पडला की चित्राचा पोतच बदलतो.

आपल्याकडच्या ऐंशी-नव्वदच्या बहुतेक विनोदी मालिका व्हिडिओ टेपवरच्या. आपल्या टीव्हीच्या चित्रात ६२५ रेषा, त्यातल्या दिसणाऱ्या ५७६. एवढंच भांडवल. त्यातून एचडीच्या १०८० रेषा ‘काढता’ येत नाहीत, फार तर ताणता येतात.

ओळखायचं कसं? मालिकेची डीव्हीडी असेल तर ती कॉम्प्युटरवर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावा, डीइंटरलेस (ओळी जुळवून चित्र गुळगुळीत दाखवायची सोय) बंद करा आणि कोणीतरी हात हलवत असताना चित्र थांबवा. हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसल्या की समजा, व्हिडिओ. दुसरी खूण म्हणजे जुन्या ट्यूब कॅमेऱ्यांची. चकाकणारी वस्तू हलली की तिच्यामागं उजेडाची शेपूट राहते. स्टीलचा तांब्या उचलला तर तांब्याआधी त्याची शेपूटच दिसायची.

हे कंगव्याचे दात काय आहेत ते नीट समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. माझे वडील यंत्रमागावर होते, त्यामुळं मला हे मागाच्या भाषेत पटकन कळलं. व्हिडिओ अख्खं चित्र एकदम विणत नाही. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात विषम ओळी, पुढच्या पन्नासाव्या भागात सम ओळी. एकाआड एक आडवा धागा. म्हणजे सेकंदाला चित्रं २५, पण हालचालीचे क्षण ५०. स्टुडिओतल्या मालिका इतक्या जिवंत, समोर घडल्यासारख्या वाटायच्या त्या यामुळं. नाटकाच्या पहिल्या रांगेत बसल्यासारखं.

आता व्हीसीडी आठवा. आपल्याकडं जुनी नाटकं, मालिका घरोघरी पोचल्या त्या चाळीस-पन्नास रुपयांच्या व्हीसीडीवर. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८. म्हणजे निम्म्या ओळी फेकल्या, पन्नासातले पंचवीस क्षण फेकले आणि उरलेल्यावर दाबून दाबून चौकोन पाडले. लोक ते बघून म्हणतात, जुनं चित्रच खराब होतं. नव्हतं हो! १९८४ च्या ‘ये जो है जिंदगी’त सतीश शाह दर भागात नवा माणूस होऊन यायचे. त्या निम्म्या भुवईच्या हालचाली व्हीसीडीत विरघळून जातात.

म्हणून माझं मत असं की या मालिकांना एचडीची नाही, पूर्ण एसडीची, म्हणजे जुन्या टीव्हीच्या मूळ मापाच्या चित्राची गरज आहे. सगळ्या ५७६ ओळी, सगळे पन्नास क्षण, चारास तीनची मूळ चौकट, न कापलेले भाग. कंपनीनं ब्लू-रेवर एसडीच घालून दिलं तरी मी घेईन. ५० जीबीच्या एका डिस्कवर सेकंदाला ५ मेगाबिट वेगानं बावीस तासांचं चित्र बसतं, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चाळीस भागांची मालिका एकाच डिस्कवर. खोक्यावर ‘रिमास्टर्ड’ असं मोठ्यानं छापलंय आणि चौकट सोळास नऊ केलीय, तर मात्र हात आखडता घ्या. सोळास नऊ म्हणजे वरचं-खालचं चित्र छाटलेलं. फिल्मवरच्या मालिकासुद्धा यातून सुटल्या नाहीत. ‘साइनफेल्ड’ २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर रुंद चौकटीत आली, तेव्हा रस्त्यातल्या खड्ड्यावरच्या भागात खड्डाच चौकटीबाहेर गेला. विनोद ज्या खड्ड्यावर, तोच गायब.

हे मी दुसऱ्याला हसून सांगत नाही. २०११ मध्ये मी स्वतः चाळीसेक कॅसेटी गिऱ्हाइकांच्या हट्टापायी सोळास नऊ ताणून दिल्या. सगळे नट जाडजूड, सगळ्या खोल्या सभागृहासारख्या. वर जागा वाचवायला मूळ फाइली पुसल्या. त्यातल्या निम्म्या कॅसेटी आता कोणाकडंच नाहीत. आता कामाकडं वळू.

कॅसेट

आधी वास घ्या, मग खिडकीतून रिळाकडं बघा. टेपच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती कॅसेट मशिनीत घालू नका, ती भुकटी ड्रमला (टेप ज्यावरून सरकते त्या फिरत्या नळकांड्याला) लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, यंत्रमागांच्या वस्तीतल्या कॅसेटींत मात्र वेगळाच प्रकार. घरात किंवा शेजारी माग असेल तर कॅसेटीत कापसाची तूस शिरलेली असते. बुरशी समजून घाबरू नका. तूस लोंबते, फुंकर मारली की हलते. बुरशी टेपला चिकटून बसते.

पाठीवरचा छोटा प्लॅस्टिकचा तुकडा मोडलेला नसेल तर आधी मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. वीस वर्षं न चाललेली कॅसेट थेट प्ले करू नका. एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं फिरवा. टेप आतल्या आत चिकटलेली असेल तर ती सुटते. खोकं फुटलं असेल तर खालचे पाच स्क्रू काढून रीळ दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवता येतं. फक्त खोकं उलटं धरून उघडू नका, नाहीतर स्प्रिंग कुठं उडाली ते शोधण्यात दुपार जाते.

मशीन

चालू व्हीसीआर मिळणं हाच आता मोठा प्रश्न. नवे बनणं २०१६ मध्येच थांबलं. भंगार बाजारात मिळतात, पण घेण्याआधी एखादी टाकाऊ कॅसेट घालून बघा. टेप चावणारं मशीन फुकट मिळालं तरी महाग. ड्रम पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, ९९ टक्क्यांचं. कानात घालायच्या कापसाच्या काडीनं ड्रमवरचा हेड, म्हणजे टेप वाचणारं बारीक टोक, घासू नका. कापूस अडकून हेड तुटतो. जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला नुसती टेकवून धरायची आणि दुसऱ्या हातानं ड्रम हळूहळू आडवा फिरवायचा. कागद वर-खाली करायचा नाही. हा ड्रम चालताना मिनिटाला १५०० फेऱ्या घेतो, तेव्हा हळुवार हाताची किंमत कळेल.

एस-व्हिडिओचं (चित्र जरा स्वच्छ देणाऱ्या वायरीचं) भोक असलेलं मशीन मिळालं तर उत्तम, नसेल तर नेहमीची पिवळी वायर. चित्र वरच्या बाजूला झेंड्यासारखं फडफडत असेल तर मध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडून बघा. काही रेकॉर्डर सिग्नल नुसता आरपार जाऊ देताना त्याला शिस्त लावतात. माझं निम्मं काम अशाच एका रेकॉर्डरवर चालतं. आणि सगळं यूपीएसवर ठेवा. सोलापुरात हे वेगळं सांगायला नको.

उतरवून घेणं

कॅप्चर कार्डाच्या (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरवर घेणाऱ्या कार्डाच्या) सेटिंगमध्ये ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं) तसंच ठेवा. कार्डाबरोबर येणारं सॉफ्टवेअर ‘एका क्लिकमध्ये डीव्हीडी’ देतो म्हणतं, ते नको. चित्रातलं काहीही न गाळता साठवणारं कोडेक (फाइल बांधायची पद्धत) वापरा, हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१. तासाला पंचवीस-तीस जीबी जागा लागते. परवडत नसेल तर डीव्ही, तासाला १३ जीबी. ही झाली मूळ प्रत. तिला पुन्हा हात लावायचा नाही.

आता आवाज. इथं मी जरा थांबणार आहे, कारण लोक चित्रासाठी भांडतात आणि विनोद मरतो तो आवाजात. स्वस्त कार्ड मधूनमधून फ्रेम गाळतं. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. दहा गळल्या की ४०० झाले. मग काय होतं, की चित्र पुढं पळतं, नट तोंड मिटून मोकळा आणि त्याचं वाक्य आत्ता कुठं कानावर येतंय. चेष्टा दिसून गेल्यावर हशा मागून रेंगाळत आला तर ती चेष्टा संपली. मारामारीच्या सिनेमात हे खपून जाईल, विनोदी मालिकेत नाही. म्हणून प्रत्येक फाइलमध्ये तीन ठिकाणं तपासायची, सुरुवात, मध्य, शेवट. दार आपटणं, टाळी, बशीवर कप ठेवणं, असा काहीतरी ठोक आवाज शोधा आणि चित्राशी जुळतो का बघा. शेवटाकडं फरक वाढत गेला असेल तर फ्रेम गळतायत. ती फाइल टाका, कॅसेट पुन्हा लावा.

टेपची खरखर काढायला सॉफ्टवेअर असतं, पण जपून वापरा. सॉफ्टवेअरला हशा आणि खरखर सारखीच वाटते. जोरात लावलं की हशाचं शेपूट कापलं जातं, आणि लोक हसून अचानक गप्प झाल्यासारखे वाटतात, कोणीतरी दटावल्यासारखे. मी फक्त खालची घरघर काढतो, बाकी राहू देतो.

बघायची प्रत

मूळ प्रतीवरून टीव्हीसाठी वेगळी प्रत करायची. त्यासाठीचं हँडब्रेक हे सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात डीइंटरलेसला ‘बॉब’ (विषम-सम ओळींतून दोन वेगळी चित्रं करणारा पर्याय) निवडा आणि फ्रेमरेट ५० कॉन्स्टंट. बहुतेक जण इथंच २५ वर सोडतात आणि निम्मे क्षण जातात. तीच व्हीसीडीची चूक, फक्त नव्या डब्यात. सवड असेल तर क्यूटीजीएमसी ही डीइंटरलेसची जास्त चांगली पद्धत शिका, कडा फार स्वच्छ येतात, पण एका कॅसेटला रात्र जाते. चौकट ७६८ बाय ५७६. टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्या. टीव्हीच्या रिमोटमध्ये ‘वाइड’ चालू असेल तर ते बंद करायला मात्र गिऱ्हाइकाला दाखवून या, नाहीतर तुमची सगळी मेहनत त्या एका बटनानं जाडी होते.

एआय अपस्केलिंगचं, म्हणजे कॉम्प्युटरनं अंदाजानं तपशील भरून चित्र मोठं करण्याचं, सगळे विचारतात. मी करून बघितलंय. एका मालिकेच्या सेटवर पलंगावर चक्क आपली सोलापुरी चादर होती, जेकार्डची, म्हणजे नक्षी मागावरच विणलेली. व्हीएचएसवर ती धूसर होती, पण चादर होती. चौकटीतलं फूल ओळखू येत होतं. एआयनं तिचा गालिचा केला. फुलांच्या जागी कसलीतरी वळणं, प्रत्येक फ्रेमला वेगळी, त्यामुळं पलंगावर मुंग्या चालल्यासारखं. भिंतीवरच्या कालनिर्णयाचे आकडे कुठल्याच लिपीतले राहिले नाहीत. नटाचे दात मात्र झक्क पांढरे. माग बघत वाढलेल्या माणसाला ते बघवत नाही. ज्यांना हवंच असेल त्यांनी साधं मोठं करून १४४० बाय १०८० ची प्रत काढावी, त्यात खोटं काही मिसळत नाही.

जाहिराती, ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी, मध्येच लाइट गेल्यानं तुटलेला भाग, काही कापू नका. कापायचंच तर बघायच्या प्रतीत. दोन प्रती दोन हार्डडिस्कवर, एक दुसऱ्याच्या घरी. आणि हे घरापुरतं ठेवा. मालिका कोणाच्या तरी मालकीची आहे, यूट्यूबवर टाकून उद्योग वाढवू नका.

त्या पोराला नऊपैकी आठ कॅसेटी उतरवून दिल्या. काळे पट्टे बघून त्याचं तोंड उतरलं. आजोबांनी पट्ट्यांकडं बघितलंही नाही. बारशात पाळण्यापाशी हिरव्या साडीत कोण उभं आहे यावरून त्यांचा आणि आजींचा वाद चालू होता. नववीत बुरशी आहे. ती सिलिका जेलच्या पुड्यांसोबत वेगळ्या डब्यात ठेवलीय. आपला मे महिना यासाठी चांगला, कोरड्या उन्हाळ्यात बुरशी वाळून सुटी होते, मग मास्क लावून गच्चीत मऊ ब्रशनं झाडायची. तिच्यासाठी भंगारातला एक व्हीसीआर राखून ठेवलाय, तो एकदाच वापरायचा आणि टाकून द्यायचा.