ओतीव शिशाची गोळी काडतुसाच्या केसमध्ये (पितळी नळकांड्यात) किती खोल बसवायची?

जॅकेटवाल्या (वर तांब्याचे आवरण असलेल्या) गोळीसाठी पुस्तकात छापलेली काडतुसाची एकूण लांबी ओतीव गोळीला जशीच्या तशी लावू नका. शिसे मऊ असते. चेंबरमधून (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या जागेतून) रायफलिंगपर्यंत (नळीच्या आतल्या पीळदार उंचवट्यांपर्यंत) पोचताना मोकळी जागा मिळाली की गोळी जरा कलते, आणि कललेली नळीत शिरली की पुढे सरळ होत नाही. म्हणून गोळीचा पुढचा पट्टा रायफलिंगला हलका टेकलेला हवा. मागून मर्यादा घालतो तो केसचा गळा, म्हणजे गोळी धरणारा तोंडाकडचा अरुंद भाग: गोळीचा तळ त्याच्या खाली उतरता कामा नये.

टेकण्याची जागा प्रत्येक रायफलीत वेगळी, त्यामुळे ती डमीवरच (न उडणाऱ्या नमुना काडतुसावरच) शोधावी लागते. साइझ केलेली (डायमध्ये दाबून मूळ मापावर आणलेली), योग्य लांबीला कापलेली केस घ्या. प्रायमर (ठिणगी देणारी टोपी) नाही, पावडर नाही. हे काम जिवंत काडतुसावर कधीच करू नका. केसच्या तोंडाची आतली धारदार कड घासून काढा आणि एक्स्पांडरने (तोंड फुलवणाऱ्या हत्याराने) तोंड इतकेच फुलवा, की गोळीचा तळ हाताने किंचित आत बसेल. फुलवणे टाळले तर तोंड गोळीला तासते. केसच्या तोंडाशी शिशाचे चकचकीत कडे दिसले, तर हेच झाले आहे असे समजा.

आता गोळी मार्करने काळी करा आणि मुद्दाम लांब बसवा. डमी चेंबरमध्ये घालून बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) लावून पाहा; अडला तर जोर लावू नका. सीटिंग स्टेम (गोळी आत दाबणारा डायमधला दांडा) अष्टमांश फेरा खाली घ्या, पुन्हा बसवा, पुन्हा पाहा. बोल्ट बोटांच्या हलक्या दाबाने बंद झाला की डमी बाहेर काढून पुढचा पट्टा उजेडात फिरवा. रायफलिंगचे जितके उंचवटे तितक्या आखूड, सारख्या खुणा दिसायला हव्यात. खुणा एकाच बाजूला असतील तर गोळी वाकडी बसली आहे. लांब ओरखडे असतील तर ती अजून जास्त बाहेर आहे. खुणा पटल्या की कॅलिपरने लांबी मोजून लिहून ठेवा. ती त्या साच्याच्या गोळीपुरती आणि त्या रायफलीपुरतीच.

न झाडलेले काडतूस परत काढायची वेळ येणार असेल तर याहून ०.१ ते ०.२ मिमी खोल जा. घट्ट रुतलेली गोळी नळीतच राहते, केस तेवढी बाहेर येते आणि पावडर अॅक्शनभर (बोल्ट चालतो त्या भागात) सांडते. ती साफ करण्याइतके कंटाळवाणे काम दुसरे नाही.

मग तळ तपासा. केसची लांबी अधिक गोळीची लांबी वजा एकूण लांबी, म्हणजे आत गेलेला भाग. .३०८ विंचेस्टरचा गळा सुमारे ७.७ मिमी. केस ५१.०, गोळी २८.५ आणि एकूण लांबी ७१.० मिमी असेल तर ८.५ मिमी आत गेले, म्हणजे तळ ०.८ मिमी खाली लोंबतोय. तिथे गॅस चेक (गोळीच्या तळाची धातूची टोपी) सैल होऊ शकतो, गोळीवरचे वंगण पावडरला लागते आणि उघड्या तळाला गरम वायू खातात. उपाय म्हणजे आखूड किंवा हलकी गोळी. .३०-०६ चा गळा सुमारे ९.८ मिमी असल्याने तीच गोळी तिथे निवांत बसते. एकूण लांबी मॅगझिनमध्ये मावते का, तेही पाहा.

खोली बदलली की दाब बदलतो. खोल बसवली तर केसमधली जागा घटते. रायफलिंगला टेकवली तरी सुरुवातीचा दाब वाढतो. दोन्ही वेळा पुस्तकातल्या सुरुवातीच्या चार्जपासूनच (पावडरच्या मात्रेपासूनच) पुन्हा चढा.

स्टेमचा खळगा गोळीच्या नाकाशी जुळणारा हवा, नाहीतर नाक चेपते आणि लांबी दर काडतुसाला हलते. एवढे करूनही लांबी हळूहळू कमी होत गेली तर स्टेममध्ये वंगण साचले आहे. दर दहा-पंधरा काडतुसांनंतर एक मोजा आणि स्टेम पुसून घ्या. क्रिंप, म्हणजे केसचे तोंड गोळीवर आवळणे, वेगळ्या फेरीत द्या. गोळी अजून सरकत असताना तोंड आवळले तर ते शिशात घुसून शिशाचा कंगोरा उचलते. बोल्ट रायफलीत फुलवलेले तोंड सरळ करण्यापुरताच क्रिंप पुरतो. नळीसारखे मॅगझिन असलेल्या लिव्हर रायफलीत मात्र मागच्या धक्क्याने गोळी आत ढकलली जाते, म्हणून तिथे क्रिंपची खाच जिथे असेल तीच खोली.