जुन्या क्रॉलर (साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या) ट्रॅक्टरचा अडकलेला हायड्रॉलिक पंप कसा काढला

सर्व बोल्ट काढूनही पंप जागचा हलत नव्हता. पहार आणि हातोड्याने फ्लँजची (पंपाच्या, बोल्ट बसणाऱ्या चपट्या भागाची) कड तेवढी दुखावली. दोन दिवस वाया गेल्याचा संताप वेगळाच.

अखेर ब्लेड जमिनीवर टेकवून, इंजिन बंद ठेवून, लिव्हर दोन्हीकडे हलवत उरलेला दाब उतरवला, टाकीतील तेल काढले आणि सुटलेल्या नळ्यांची तोंडे बंद केली. फ्लँज तारेच्या ब्रशने घासताना रंग-चिखलाखाली बुजलेली, आट्यांची दोन छिद्रे दिसली. ती पंप ढकलून काढण्यासाठीच होती. सांध्यात गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरवले. सकाळी आटे टॅपने (आटे पाडायच्या हत्याराने) साफ केले, पंपाचे वजन दोरीने तोलले आणि त्या छिद्रांत दोन बोल्ट घालून ते आळीपाळीने पाव-पाव फेराच पिळले, कारण पंप तिरका झाल्यास शाफ्ट स्प्लाइनमध्ये (त्याला फिरवणाऱ्या दातेरी खाचांत) आवळतो. जुन्या गॅस्केटचा काळा पापुद्रा फाटला आणि पंप सरळ बाहेर आला.