ईकोसाठी स्पार्क प्लग कसे निवडायचे? कंपनीच्या आधी नंबर बघा

घरात मारुती ईको असेल आणि सकाळी पहिल्या सेल्फला उचलत नसेल, आयडलिंगला मिसिंग मारत असेल, घाटात माणसं भरल्यावर पिकअप देत नसेल, तर मेकॅनिक आधी प्लग काढून बघतो आणि ते बरोबरच आहे. पण नवीन घेताना बहुतेक जण दुकानात "ईकोचे चार प्लग द्या, चांगल्या कंपनीचे" एवढंच सांगतात. कंपनी कुठलीही नामांकित घ्या, नंबर चुकला की सगळं चुकलं.

म्हणून आधी डॅशबोर्डच्या खणातलं मॅन्युअल काढा, त्यात प्लगचा नंबर आणि गॅप (ठिणगी पडते त्या दोन टोकांतलं अंतर) दिलेला असतो. ईको २०१० पासून रस्त्यावर आहे आणि २०२२ मध्ये तिचं इंजिन बदललं, त्यामुळे शेजाऱ्यांच्या ईकोचा प्लग तुमच्या गाडीला चालेलच असं नाही. मॅन्युअल हरवलं असेल तर आरसी घेऊन जा, चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढून मिळतो. गाडीतला जुना प्लग नमुना म्हणून नेताय तर जरा जपून, सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने भलताच बसवलेला असू शकतो.

आता नंबर वाचायचा कसा ते बघू. एनजीके कंपनीचा बीकेआर६ई-११ उदाहरणाला घेऊ (तुमच्या गाडीचा वेगळा असू शकतो). बी-के म्हणजे १४ मिमी आटे आणि १६ मिमीचा पाना, आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, तो नसला तर रेडिओत खरखर येते आणि ईसीयूलाही (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) त्रास होतो. ६ ही हीट रेंज (प्लग उष्णता किती पटकन बाहेर टाकतो ते; पटकन टाकणारा 'थंड', हळू टाकणारा 'गरम'), ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी आणि शेवटचे ११ म्हणजे गॅप १.१ मिमी. लांबी अजिबात चुकवू नका, प्लग जास्त लांब असेल तर पिस्टन येऊन आपटू शकतो, आखूड असेल तर हेडच्या रिकाम्या आट्यांत कार्बन बसतो आणि पुढच्या वेळी बरोबर मापाचा प्लग आत जाता जात नाही.

हीट रेंजमध्ये तर भले भले फसतात. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा वाढला की गरम, म्हणजे एनजीकेचा ६ बघून बॉशचाही ६ उचलायचा नाही (डेन्सोत तर एनजीकेच्या ६ ला २० म्हणतात!), दुकानदाराकडून जुळणीचा तक्ता मागून घ्या. फार थंड प्लग काजळी धरतो, फार गरम प्लगमुळे स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टनची वाट लागते.

साधा निकेलचा की इरिडियम? इरिडियमचं टोक ०.४ ते ०.६ मिमी एवढं बारीक, साध्याचं साधारण अडीच मिमी, बारीक टोकावर कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी पडते आणि प्लग टिकतोही कितीतरी जास्त. सीएनजी पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे रोज सीएनजीवर चालवणाऱ्यांनी इरिडियमचे जास्तीचे पैसे घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे. वापर कमी असेल तर साधे लावा आणि वेळेवर बदला. मात्र चारही एकदम बदला, आणि इरिडियमचा गॅप ठोकून कमी-जास्त करू नका, बारीक टोक तुटतं.

डुप्लिकेट मालाची भीती खरी आहे. पुण्यात नाना पेठेत घ्या नाहीतर गावात, पण बिल घ्या आणि प्लग हातात धरून बघा: छपाई पुसट नको, आटे गुळगुळीत हवेत, टोक बरोबर मधोमध हवं.

बसवताना इंजिन थंड हवं. ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे चपलांची माती प्लगच्या खड्ड्याशी साठते, आधी हवा मारून ती काढा, नाहीतर प्लग निघाला की सगळी सिलिंडरमध्ये. नवा प्लग आधी हातानेच फिरवत टेकेपर्यंत न्या, मग १४ मिमीच्या वॉशरवाल्या प्लगला पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बास.

काढलेले जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने ठेवा. फिकट तपकिरी असतील तर छान, पण एखादा ओला तेलकट निघाला तर नुसता नवा लावून गाडी ताब्यात घेऊ नका, त्या सिलिंडरमध्ये ऑइल कुठून येतंय ते मेकॅनिककडून आधी बघून घ्या.