हवामान अंदाजाचं टूल एजंटच्या हाती देताना या चुका टाळा

चाचणीत निफाडची द्राक्षबाग धरून आम्ही एजंटला, म्हणजे टूल वापरून स्वतः उत्तर देणाऱ्या एआयला, विचारलं, "१३ तारखेला पहाटे फवारणी घ्यायची आहे, पाऊस आहे का?" उत्तर आलं: १३ ला पाऊस शून्य मिमी, फवारणीला हरकत नाही. एरर कुठेच नव्हती आणि आकडाही टूलनेच दिलेला होता. तासातासाचा तक्ता उघडला तेव्हा कळलं की १३ च्या पहाटे ३ ते ५ या वेळात ९ मिमी पाऊस दाखवलाय. बाग फुलोऱ्यात असेल तर हे डाउनी या बुरशीजन्य रोगाला आवतणच.

घोळ दिवसाच्या व्याख्येत होता. टूल ज्या ओपन-मेटिओ या हवामान सेवेकडून आकडे घेतं, तिला टाइमझोन सांगितला नाही तर ती जीएमटी (ग्रीनिचची वेळ) धरते, आणि जीएमटीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. त्यामुळे १३ च्या पहाटेचा पाऊस १२ च्या खात्यात जमा झाला. माणसाने आलेख पाहिला असता तर ही गोष्ट लगेच खटकली असती. एजंटला खटकत नाही. मोकळी जागा दिसली की तो ती भरतो आणि छान वाक्यात उत्तर देतो.

टाइमझोन दुरुस्त करणं दोन मिनिटांचं काम. खरी चूक टूलच्या वर्णनात होती. तिथे एवढंच लिहिलं होतं: "दिलेल्या ठिकाणाचा हवामान अंदाज देते." बाकीचं सगळं डेव्हलपरसाठीच्या वेगळ्या पानावर, आणि ते पान एजंट उघडत नाही. एमसीपी (एजंटला टूल जोडायची एक प्रमाण पद्धत) असो वा दुसरी कुठली पद्धत, त्याच्यासमोर टूलचं नाव, वर्णन, पॅरामीटरच्या (टूलला भरून द्यायच्या माहितीच्या) ओळी आणि आलेलं उत्तर एवढंच असतं. आम्ही वर्णन असं बदललं:

"दिवसाची बेरीज भारतीय वेळेनुसार रात्री १२ ते रात्री १२. प्रश्नात पहाट, दुपार, संध्याकाळ किंवा रात्र असेल तर दिवसाची बेरीज वापरू नये, तासाचे आकडे मागवावेत. १५:०० समोरचा पाऊस म्हणजे १४:०० ते १५:०० या तासात पडलेला."

शेवटचं वाक्य बारीक वाटेल, पण ओपन-मेटिओचा तासाचा पाऊस मागच्या तासाचा असतो. ते लिहिलं नाही तर एजंट प्रत्येक सर तासभर उशिरा पाडतो.

आता कोणी म्हणेल की हवामान खात्याचा आकडा तरीही जुळत नाही. जुळणार नाहीच. त्यांचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. हेही एका ओळीत लिहून ठेवा, नाहीतर एजंट दोन्ही आकडे शेजारी मांडून "अंदाज चुकला" असं जाहीर करतो.

पुण्यात बर्फ पडतोय?

अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झालेली असणार. पुणे म्हणजे अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६. उलटे भरले की आपण थेट आर्क्टिकच्या समुद्रात, नॉर्वेच्या बेअर आयलंडच्या थोडं दक्षिणेला पोचतो. जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फॉरमॅटमध्ये रेखांश आधी येतो, त्यामुळे हा गोंधळ नेहमीचाच. गुवाहाटीचा रेखांश ९१ च्या पुढे, म्हणून तिथे उलटापालट झाली तर "अक्षांश ९० पेक्षा जास्त" म्हणून विनंती अडते. पुण्याची अडत नाही, कारण ७३.८६ हाही चालणारा अक्षांश आहे. टूल फक्त भारतासाठी असेल तर मर्यादा भारताच्याच ठेवा आणि पॅरामीटरच्या ओळीत पुण्याचं उदाहरण द्या. एररमध्ये नुसतं "४००, चुकीची विनंती" लिहून उपयोग नाही. "अक्षांश ७३.८६ भारताबाहेर आहे, अक्षांश-रेखांश उलट भरलेत का?" असं लिहिलं की एजंट पुढच्याच खेपेला स्वतः सुधारतो.

आणि हो, लहान गावाचे निर्देशांक एजंट आठवणीतून ठोकून देतो. आधी गाव शोधणारं टूल वापरायचं, हे स्पष्ट सांगा. एकाच नावाची दोन ठिकाणं सापडली तर विचारायला लावा. औरंगाबाद बिहारमध्येही आहे, आणि आपल्याकडचं आता छत्रपती संभाजीनगर.

वाऱ्याचा ५

हा ५ कसला? ताशी ५ किलोमीटर असेल तर पान जेमतेम हलेल. सेकंदाला ५ मीटर असेल तर ताशी १८ किलोमीटर, म्हणजे आपलं औषध शेजाऱ्याच्या बागेत. ओपन-मेटिओ मुळात किमी/तास देतं, ओपनवेदर ही दुसरी सेवा मेट्रिकमध्ये मीटर/सेकंद, आणि तिला काहीच सांगितलं नाही तर तापमान केल्व्हिनमध्ये. ३०३ केल्व्हिन आकडा पाहून कोणीही थबकेल, वाऱ्याचा ५ पाहून कोणीच थबकत नाही. म्हणून एकक वर्णनात तर लिहाच, पण उत्तरातल्या प्रत्येक आकड्याच्या नावातही घाला: "वारा_किमी_तास".

शब्दांचंही तेच. मोकळं सोडलं तर एजंट २० मिमीला "मुसळधार" म्हणतो. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत १५.६ ते ६४.४ मिमी म्हणजे मध्यम, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. हे चार आकडे वर्णनात घातले की भाषा ताळ्यावर येते. मात्र ऑरेंज, रेड अलर्ट या आकड्यांवरून स्वतः काढू नयेत, हेही तिथेच लिहा. इशारा देणं खात्याचं काम, आपल्या टूलचं नाही.

आकडा नाही म्हणजे पाऊस नाही?

रिकामी यादी आली की एजंट बिनधास्त "पाऊस नाही" सांगतो. हवामान मॉडेलचा आकडाच नसेल तर शून्य नको, रिकामी जागाही नको, सरळ "माहिती उपलब्ध नाही" असं परत पाठवा.

उलट टोकही तितकंच वाईट. १६ दिवसांचे तासाचे आकडे म्हणजे एका घटकाच्या ३८४ नोंदी. दहा घटक मागितले तर एजंट त्या ढिगातून भलत्याच दिवसाची ओळ उचलतो. मुळातली मर्यादा ४८ तास ठेवा, जास्त हवं तर मागू दे.

हे सगळं लिहून झालं की डेव्हलपरच्या भाषेत तपासू नका, बागेतल्या माणसासारखे प्रश्न टाका. "परवा पाऊस आहे का?" आणि "परवा किती पाऊस झाला?" यात एकच परवा पुढचा आणि मागचा. "गुरुवारी रात्री" मधले मध्यरात्रीचे दोन कॅलेंडरवर शुक्रवारचे. आम्ही शेवटी टूलला फक्त पूर्ण तारीख-वेळ घ्यायला लावलं आणि उत्तराच्या पहिल्या ओळीत आजची तारीख, वार आणि अंदाज कधीचा आहे ते छापलं. निफाडचा तोच प्रश्न पुन्हा टाकला तेव्हा एजंटने तासाचे आकडे मागवले आणि म्हणाला, पहाटे ३ ते ५ पाऊस दिसतोय, फवारणी थांबवा.